ऑटोमॅटिक गाडी: आधी थांबायला शिका, मग चालवायला

आमच्या अप्पांनी तीस वर्षं गिअरची गाडी चालवली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली आणि घरात ऑटोमॅटिक आली. त्याच सुमारास वहिनीलाही गाडी शिकायची होती. तिनं तोवर स्कूटीशिवाय काही चालवलं नव्हतं. दोघांनाही मीच बसवलं, जुळे सोलापुरात, रोज सकाळी सहाला, आतल्या लेआउटच्या रिकाम्या रस्त्यांवर. मला वाटलं होतं अप्पा दोन दिवसांत शिकतील आणि वहिनीला महिना लागेल. झालं उलटं.

कारण साधं आहे. गिअरच्या गाडीत क्लच चुकला की गाडी दोन गचके देते आणि बंद पडते. नवशिक्याला त्याची लाज वाटते, पण ते बंद पडणं म्हणजे राखणदार असतो. चूक झाली की गाडी उभी राहते. ऑटोमॅटिकमध्ये हा राखणदारच नाही. इथं तुम्ही चुकलात तरी गाडी चालतच राहते. तिला धरून ठेवणारी एकच गोष्ट आहे, तुमचा उजवा पाय आणि त्याच्याखालचा ब्रेक. खाली जे काही लिहिलं आहे ते सगळं या एका गोष्टीतून आलं आहे.

आधी स्वतःची गाडी ओळखा

ऑटोमॅटिक म्हटलं तरी सगळ्या गाड्या आतून सारख्या नसतात. आपल्याकडच्या स्वस्त ऑटोमॅटिक गाड्यांत बहुतेक वेळा एएमटी असतो. म्हणजे गिअरबॉक्स नेहमीचाच, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम यंत्र करतं. भारतात २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून हा प्रकार रुळला. त्याशिवाय क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर, ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी आणि दोन क्लचवाला डीसीटी असे प्रकार आहेत. चालवणाऱ्याला यातला एक फरक मात्र माहीत असायलाच हवा: तुमच्या गाडीच्या लिव्हरवर ‘पी’ आहे की नाही.

पी म्हणजे पार्किंग. यात गिअरबॉक्सच्या आत एक खिटी पडते आणि चाकं अडकतात. आर म्हणजे रिव्हर्स. एन म्हणजे न्यूट्रल, यात गाडी मोकळी असते, उतारावर आपोआप घरंगळते. डी म्हणजे पुढं जाण्याचा गिअर. काही गाड्यांत याशिवाय एल किंवा एस असतं, काहींत एम असतं आणि त्यात अधिक-उणे करून गिअर आपण निवडू शकतो. अनेक एएमटी गाड्यांत पी नसतोच, फक्त आर, एन, डी आणि एम. शेजाऱ्याच्या गाडीवर शिकून स्वतःच्या गाडीत बसणार असाल तर हा फरक पहिल्याच दिवशी बघा. गाडीसोबत आलेली पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात कव्हरसकट पडून असते. ती काढा आणि निदान गिअर, ब्रेक आणि गाडी ओढून नेण्याची पानं वाचा.

बसल्यावर

सीट एवढी पुढं घ्या की ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. पाय ताणून ब्रेक दाबावा लागत असेल तर ऐनवेळी जोर येत नाही. टाच जमिनीवर टेकवा, ब्रेकच्या रेषेत. तिथूनच पाऊल वळवून ॲक्सिलरेटरवर न्यायचं आणि परत आणायचं. टाच ॲक्सिलरेटरसमोर ठेवून बसलात तर घाबरल्यावर पाय ब्रेकऐवजी तिथंच पडतो. ‘ब्रेक दाबला पण गाडी पळाली’ असं सांगतात, त्यात बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

डावा पाय पूर्ण मागं, डावीकडच्या विश्रांतीच्या पट्टीवर. अप्पांची सगळी अडचण याच पायात होती. थांबायची वेळ आली की तीस वर्षांच्या सवयीनं डावा पाय क्लच शोधायचा आणि तिथं त्याला ब्रेकचं रुंद पेडल सापडायचं. क्लचच्या जोरानं दाबलेला ब्रेक म्हणजे काय, ते मी सीटबेल्टमध्ये लटकून अनुभवलं. शेवटी मी त्यांना म्हणाले, “अप्पा, डावी चप्पल काढून मांडी घातल्यासारखा पाय सीटकडं ओढून घ्या.” फक्त पहिले चार दिवस, रिकाम्या रस्त्यावर आणि चालत्या माणसाच्या वेगानं, त्यांनी तसं केलं आणि सवय मोडली. गिअरच्या गाडीवरून येणाऱ्या प्रत्येकानं पहिला आठवडा हा पाय सांभाळावा.

चपलेचंही सांगते. सैल चप्पल, निसरडी कोल्हापुरी, उंच टाचा यांपैकी काही नको. पायाशी पाण्याची बाटली नको, ती गडगडत ब्रेकखाली गेली तर पेडल दाबलंच जात नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात प्रत्येक गाडीत दोन-चार बाटल्या असतात, त्या दाराच्या कप्प्यात ठेवा. मॅटवर दुसरी मॅट टाकू नका.

सुरू करणं आणि हलणं

हँडब्रेक ओढलेला. लिव्हर पीमध्ये, पी नसेल तर एनमध्ये. उजव्या पायानं ब्रेक घट्ट दाबा, मग चावी फिरवा किंवा बटण दाबा. बटणाच्या गाडीत ब्रेक न दाबता बटण दाबलं तर नुसते दिवे आणि रेडिओ लागतो, इंजिन लागत नाही. गाडी बिघडलेली नाही, ती तुमच्या पायाची वाट बघते आहे.

ब्रेक दाबलेलाच ठेवून लिव्हर डीमध्ये घ्या. डॅशबोर्डवर डी उमटला का ते डोळ्यांनी बघा, हाताच्या अंदाजावर राहू नका. आरसे बघा, सीटबेल्ट, मग हँडब्रेक सोडा. आता ब्रेकवरचा जोर अगदी सावकाश कमी करा. ॲक्सिलरेटरला हात... म्हणजे पाय लावायचाच नाही.

गाडी आपोआप पुढं सरकू लागते.

बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या अशा सरकतात, माणूस भरभर चालेल साधारण त्या वेगानं. अप्पा पहिल्या दिवशी दचकून म्हणाले, “अगं, मी काहीच केलं नाही की!” तेच तर समजून घ्यायचं आहे. काहीच न करणं म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये पुढं जाणं. थांबायचं तर काहीतरी करावं लागतं.

पहिले दोन दिवस ॲक्सिलरेटर विसरा. फक्त ब्रेक सोडा, गाडी सरकू द्या, ब्रेक दाबा, थांबवा. जमिनीवर वीट ठेवा आणि तिच्या रेषेत आरसा आणून थांबायचा सराव करा. मग हेच रिव्हर्समध्ये. वहिनीनं हे इतकं केलं की तिसऱ्या दिवशी ती गेटमधून गाडी एका दमात आत घ्यायला लागली. गर्दीत गाडी चालवणं म्हणजे नव्वद टक्के हेच असतं. टिळक चौकातून, मधल्या मारुतीजवळून जाताना ॲक्सिलरेटरचं काम फारसं पडतच नाही, ब्रेकवरचा पाय कमी-जास्त करत जायचं.

गिअर बदलण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण ते गाडी करते. तीन गोष्टी पाळा. डीमधून आरमध्ये किंवा उलट जाताना गाडी पूर्ण थांबलेली हवी, सरकती नको. पी टाकतानाही तसंच, नाहीतर आतली ती खिटी कडकड वाजते आणि झिजते. तिसरी सगळ्यात महत्त्वाची: एनमध्ये इंजिनचा आवाज वाढवून डी टाकायचा नाही. गाडी उडी मारते. सिग्नलला एन टाकलं आणि विसरलात, हिरवा लागल्यावर रेस दिली, गाडी हलेना म्हणून त्याच रेसवर डी ओढला, तर पुढच्या मोटारसायकलचं काय होईल? म्हणून लिव्हरला हात लागतो तेव्हा पाय ब्रेकवर असलाच पाहिजे.

एएमटी असेल तर गिअर बदलताना मान किंचित पुढं जाते. ॲक्सिलरेटरवरचा पाय त्या क्षणी थोडा हलका केला की झटका कमी होतो. आठवडाभरात कानाला गिअर बदलण्याची वेळ कळायला लागते.

ब्रेक

चांगला ब्रेक आधी डोळ्यांनी लागतो. पुढं रिक्षा बाजूला झुकायला लागली, बसथांब्यावर लोक पुढं सरसावले, लाल दिवा दिसला, की पाय ॲक्सिलरेटरवरून काढून ब्रेकवर नुसता ठेवा. पण हे लक्षात असू द्या: गिअरच्या गाडीत पाय उचलला की इंजिन गाडीला मागं ओढतं, तेवढी ओढ डीमध्ये बऱ्याच गाड्यांत जाणवत नाही. म्हणून ब्रेक थोडा लवकर सुरू करायचा. आधी हलका, मग जास्त, आणि गाडी उभी राहताना शेवटच्या हातभर अंतरात किंचित सैल, म्हणजे मागं बसलेल्यांच्या माना हलत नाहीत. गाडी उभी राहिली की मात्र परत घट्ट.

सिग्नलला अर्धा-एक मिनिट थांबायचं असेल तर डी राहू द्या, ब्रेक दाबून ठेवा. मार्केट यार्डाजवळ डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या गाड्यांमागं अडकलात तर तिथं मिनिटं मोजता येत नाहीत. तेव्हा एन टाका, हँडब्रेक ओढा आणि पायाला विश्रांती द्या. थकलेला पाय ब्रेकवरून नकळत सैल होतो.

अचानक ब्रेक मारायची वेळ येतेच. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींत एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. त्याचा अर्थ असा की ब्रेक पूर्ण ताकदीनं दाबायचा आणि दाबूनच धरायचा. पायाखाली पेडल थरथरतं, घरघर आवाज येतो. तो आवाज ऐकून नवा माणूस घाबरून पाय उचलतो, तिथंच घात होतो. थरथर म्हणजे यंत्रणा काम करते आहे. जुन्या लोकांची ‘दाबा-सोडा-दाबा’ ही पद्धत एबीएस नसलेल्या गाड्यांसाठी होती. रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर मागं कोणी नाही हे बघून, तीसच्या वेगाला एकदा तरी हा पूर्ण ब्रेक मारून बघा. पायाला ती थरथर ओळखीची झालेली असावी.

आणि अंतर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा, तेवढ्यात १७ मीटर गेले. पुढं कोरड्या डांबरावर चांगल्या टायरनं थांबायला साधारण २० मीटर. एकूण ३७. हाच हिशेब ४० च्या वेगाला २० मीटर होतो आणि ८० ला ५८ मीटर. वेग दुप्पट झाला पण अंतर जवळपास तिप्पट. हे चांगल्या रस्त्याचं गणित. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते, तिच्यावर चार थेंब पडले की रस्ता साबण लावल्यासारखा होतो. आणि त्याच दिवसांत रात्री, मागं दिवा ना रिफ्लेक्टर अशी उसाची दुहेरी ट्रॉली समोर येते. डिपरच्या उजेडात ती दिसते तेव्हा ८० च्या वेगाला ५८ मीटर शिल्लक असतीलच असं नाही. माझी कळकळीची विनंती आहे, पहिलं वर्षभर हंगामात रात्री अक्कलकोट, मंगळवेढा, पंढरपूर यांपैकी कुठल्याही रस्त्याला नव्या हातानं गाडी घालू नका. जायचंच झालं तर ५० च्या पुढं काटा जाऊ देऊ नका.

उभी करणं, आणि गेट

इथं माझी स्वतःची चूक सांगते. गाडी घेऊन तीन आठवडे झाले होते. घरी आले, गेट बंद होतं. हँडब्रेक अर्धवट ओढला, इंजिन चालू, लिव्हर डीमध्येच, आणि उतरून गेट उघडायला गेले. पाठीमागून गाडी सरकत आली. मी बाजूला झाले म्हणून वाचले, गेटचा एक पल्ला वाकला. गिअरच्या गाडीत असं झालं असतं तर गचका देऊन ती बंद पडली असती. त्या दिवसापासून आमच्या घरात नियम आहे: दार उघडण्याआधी इंजिन बंद. एका मिनिटासाठी असलं तरी, वाण्याच्या दुकानापुढं असलं तरी.

उभी करण्याचा क्रम असा. ब्रेकनं पूर्ण थांबा. पाय तसाच ठेवून लिव्हर एनमध्ये घ्या. हँडब्रेक पूर्ण ओढा. आता पाय किंचित सैल करून बघा, गाडी हँडब्रेकवर टेकली पाहिजे. परत ब्रेक दाबा, लिव्हर पीमध्ये, मग इंजिन बंद. एवढं कशाला, तर उतारावर थेट पी टाकून पाय काढला की गाडीचा सगळा भार त्या छोट्याशा खिटीवर येतो आणि निघताना लिव्हर ओढताना धाडकन आवाज होतो. पी नसलेल्या गाडीत हँडब्रेकबरोबर गिअर टाकलेला ठेवून इंजिन बंद करतात आणि पुन्हा सुरू करताना एनमध्ये आणतात. नेमका क्रम तुमच्या पुस्तिकेतूनच घ्या.

चढ

सोलापूर सपाट, त्यामुळं चढाचा सराव आपल्याकडे राहून जातो. आसऱ्याच्या रेल्वे पुलाच्या चढावर गाड्या अडकल्या की मग तारांबळ उडते. चढावर ब्रेक सोडल्यावर एएमटी गाडी मागं सरकू शकते. ज्यांत चढावर धरून ठेवणारी सोय आहे, तीही दोनेक सेकंदच धरते. म्हणून हँडब्रेक ओढून थांबा. निघताना ॲक्सिलरेटर हलका द्या, गाडी पुढं ओढ घेते आहे असं जाणवलं की हँडब्रेक सोडा. मागं मोटारसायकलवाला टेकलेला असतोच, “काय करलालाव अक्का?” म्हणून ओरडेलही. ओरडू द्या, घाई करू नका.

एक सवय अजिबात लावून घेऊ नका: ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी चढावर तोलून धरणं. एएमटी आणि डीसीटीमध्ये त्यानं क्लच तापतो. जळका वास येतो, डॅशबोर्डवर इशारा लागतो आणि खर्च मोठा येतो.

चौक आणि ओव्हरटेक

सात रस्त्याला नावाप्रमाणे सात बाजूंनी वाहनं येतात. तिथं नव्या माणसाला वाटतं, ही फट मिळाली, निघू. एएमटी गाडी पाय दाबल्यावर क्षणभर विचार करते, मग निघते. गिअरच्या गाडीच्या हिशेबानं फट मोजलीत तर नेमकं चौकाच्या मध्यावर अडकाल. थोडी मोठी फट येऊ द्या. ओव्हरटेकचंही तेच. दुपदरी रस्त्यावर ॲक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबला की गाडी एक-दोन गिअर खाली येते, आवाज वाढतो आणि मग ओढ मिळते. मधला तो क्षण आधी मोकळ्या रस्त्यावर अनुभवून ठेवा, समोरून ट्रक येत असताना नव्हे.

घाट उतरताना

पहिली लांबची फेरी आपल्याकडे बहुतेकांची तुळजापूरचीच असते. देवीचं दर्शन झालं की घाट उतरायचा. डीमध्ये उतरताना गाडी वेग घेत राहते आणि आपण सारखा ब्रेक दाबून ठेवतो. ब्रेक तापतात, पेडल मऊ लागायला लागतं, पकड कमी होते. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच लिव्हर एल, एस किंवा एममध्ये घ्या, एममध्ये असाल तर दुसरा किंवा तिसरा गिअर धरा. इंजिनच गाडीला मागं ओढतं. मग ब्रेक फक्त वळणाआधी, ठोस दाबायचा आणि सोडून द्यायचा. उतारावर एन टाकून पेट्रोल वाचवायचा उद्योग कधीही करू नका. वाचत काही नाही, ओढ मात्र पूर्ण जाते. कोजागिरीच्या आसपास याच रस्त्यानं सोलापूरहून हजारो लोक पायी तुळजापूरला निघतात. त्या दिवसांत नव्या चालकानं एसटीनं जावं, किंवा त्यांच्याबरोबर चालत.

गाडी ऐकेनाशी झाली तर

गाडी अचानक पळायला लागली तर पहिली शंका स्वतःच्या पायाची घ्या. पाय उचला, ब्रेकवर आणा, सगळ्या ताकदीनं दाबा. तरीही ओढते आहे असं वाटलं तर लिव्हर एनमध्ये ढकला. इंजिन ओरडेल, ओरडू द्या, चाकांकडं ताकद जाणार नाही. बाजूला घेऊन थांबा, मग इंजिन बंद करा. चालत्या गाडीत चावी फिरवू नका, स्टेअरिंग जड होतं, ब्रेकचा सहारा दोन-तीन दाबांत संपतो आणि चावी पूर्ण मागं गेली तर स्टेअरिंग लॉक होऊ शकतं. हा एनचा सराव आम्ही गाडी उभी असताना, इंजिन बंद ठेवून, डोळे मिटून दहा वेळा केला. बोटांना वाट माहीत हवी.

शेवटचं बॅटरीचं. आपल्या उन्हात बॅटरी लवकर थकते, आणि ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही. पोरं गोळा करून ढकलायला लावू नका. जंपरच्या वायरी डिकीत ठेवा आणि त्या कशा जोडायच्या ते बॅटरीवाल्याकडून एकदा बघून घ्या. गाडी ओढून न्यायची वेळ आलीच तर टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीच्या गाड्या चाकं जमिनीवर ठेवून दोरीनं ओढल्या की गिअरबॉक्स खराब होऊ शकतो. म्हणून क्रेनवाल्याला फोन केल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा, की गाडी ऑटोमॅटिक आहे, चारही चाकं वर घेणारी गाडी पाठवा.